उष्टे आणि विटाळ

मनुष्य दिवसभर स्वतःची लाळ गिळत असतो आणि त्याला त्याची जाणीवही नसते. परंतु तीच लाळ त्याने एखाद्या स्वच्छ पेल्यात काढून ठेवली आणि लगेच पिऊन टाकावी असे त्यास कोणी सांगितले, तर त्याच्या अंगावर शहारा येतो. पेला स्वच्छ आहे, लाळ त्याचीच आहे, मध्ये गेलेला काळ एका श्वासाहून अधिक नाही. तरीही क्षणापूर्वी जे 'मी' होते, ते आता किळस यावी असे परके झालेले असते. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका छोट्या ग्रंथात हा विचारप्रयोग मांडला, तो मनुष्याच्या आत्मभावाची सीमा कोठे संपते हे दाखविण्यासाठी. ज्या समाजाने उष्टे-खरकटे, सोवळे-ओवळे आणि शिवाशिव यांच्या नियमांनी देवघरापासून पाणवठ्यापर्यंतच्या सर्व व्यवहाराचा शतकानुशतके बंदोबस्त केला, त्या आपल्या समाजाला हा प्रश्न मानसशास्त्राकडे सोपवून स्वस्थ बसता येणार नाही. विटाळ पदार्थात असतो की मनात, आणि तो मनात असेल तर त्याला धर्म म्हणावयाचे काय, हे आपणांस आपल्यापुरते तरी ठरविलेच पाहिजे. या खटल्यात आरोप ज्या पदार्थावर आहे, त्याची कैफियत प्रथम ऐकून घेणे न्यायाचे होईल.

मनुष्याच्या मुखात लाळ पुरविणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. सर्वांत मोठी जोडी कानांच्या पुढे व खाली, जबड्याच्या कोनाला बिलगून असते. दुसरी खालच्या जबड्याच्या आत, आणि तिसरी जिभेखाली. यांखेरीज ओठ, गाल, टाळू आणि जीभ यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या आहेत. या सर्व मिळून दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर रस पाझरतात. त्यातील नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असते, आणि तो जवळजवळ सगळा आपण पुन्हा गिळतो. आपण स्वस्थ बसलेले असतो तेव्हा मुख ओले ठेवण्याचे काम मुख्यतः जबड्याखालच्या ग्रंथी करतात. घास तोंडात गेला की कानाजवळच्या ग्रंथी जोमाने कामाला लागतात. आणि निद्रेत हा झरा जवळजवळ थांबतो. झोपेत दातांचे रक्षण करणारे कोणी नसते, म्हणून रात्री दात घासल्यावाचून निजू नये असे वैद्य सांगतात.

कानाजवळच्या ग्रंथीचा रस मुखात येतो कोठून, हे १६६० सालापर्यंत कोणास नीट ठाऊक नव्हते. त्या वर्षी अॅम्स्टरडॅम येथे वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या नील्स स्टेनसन या बावीस वर्षांच्या डॅनिश तरुणाने मेंढीचे एक मुंडके विकत आणून एकान्तात त्याचे विच्छेदन केले. ग्रंथीजवळच्या एका नलिकेत त्याने शलाका घातली, ती सहज पुढे सरकत गेली, आणि तिचे टोक दातांवर आपटल्याचा आवाज त्याला ऐकू आला. गालाच्या आतील बाजूस, वरच्या दाढेसमोर, त्या नलिकेचे मुख उघडत होते. आजही ती नलिका त्याच्याच नावाने ओळखली जाते. याच स्टेनसनने पुढे भूस्तरशास्त्राचा पाया घातला, १६६७ साली फ्लॉरेन्समध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला, तो धर्मोपदेशक झाला, १६७७ साली बिशप झाला, आणि अत्यंत विरक्त जीवन जगून १६८६ साली निधन पावला; १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला 'धन्य' ही पदवी दिली. त्याचे चरित्र मला या विषयाच्या संदर्भात महत्त्वाचे वाटते. ज्या हातांनी मेंढीच्या गालातील थुंकीचा मार्ग शोधला, त्याच हातांनी पुढे वेदीवरचा नैवेद्य उचलला, आणि पहिल्या कर्माने दुसऱ्याला बाध येतो असे त्याला कधी वाटले नाही. ईश्वराने निर्मिलेल्या देहात हीन असा कोपरा असू शकत नाही, ही श्रद्धा असल्यावाचून कोणी मेंढीच्या मुंडक्यासमोर इतक्या एकाग्रतेने बसत नाही.

पुढे १८५१ साली कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. रक्ताच्या दाबाने या ग्रंथींतून पाणी केवळ गाळले जात असावे, अशी त्या काळची समजूत होती. लुडविगने मज्जातंतूला उद्दीपन देऊन नलिकेतील रसाचा दाब मोजला, तेव्हा तो रक्तवाहिनीतील दाबाहूनही अधिक भरला. म्हणजे ग्रंथी ही निर्जीव गाळणी नव्हे. तिच्या पेशी स्वतः श्रम करतात, शक्ती खर्चतात आणि रस घडवितात. द्राक्षांच्या घोसासारख्या मांडलेल्या त्या पेशींत जो रस प्रथम झरतो, त्याचे क्षारप्रमाण रक्तद्रवाएवढेच असते. परंतु नलिकेतून वाहत येताना नलिकेच्या भिंती त्यातील सोडियम आणि क्लोराइड पुष्कळसे परत शोषून घेतात, आणि मुखात उतरतो तो रस रक्ताच्या मानाने कितीतरी अळणी असतो. हा खटाटोप कशासाठी? आमटीत चिमूटभर मीठ कमी पडले तर ते आपल्याला कळावे यासाठी. मुखातील पाणी स्वतःच रक्ताइतके खारट असते, तर मिठाची बारीकशी जाणीव त्याच्या स्वतःच्याच चवीत बुडून गेली असती. दुसऱ्याची चव प्रकट करण्यासाठी आपली चव आवरून धरणे, हा या ग्रंथींचा नित्याचा व्यवहार आहे. आणि वेदान्ताने ज्याला साक्षित्व म्हटले, त्याची देहातील इतकी स्थूल आणि इतकी विश्वासू खूण मला दुसरी आढळली नाही.

आपल्या पूर्वसूरींना यातील मर्म कळले होते. कोरड्या जिभेवर ठेवलेली साखर गोड लागत नाही. पदार्थ विरघळून जिभेच्या रसांकुरांपर्यंत पोहोचला तरच रुची उत्पन्न होते. न्याय-वैशेषिक दर्शनाने रसनेंद्रिय हे जलीय मानले, ते याच निरीक्षणाच्या आधारावर. वाग्भटाने अष्टांगहृदयात कफाचे जे पाच भेद सांगितले, त्यांत जिभेच्या ठायी राहून रसाचा बोध करून देणाऱ्या कफाला 'बोधक' असे नाव दिले. ज्या द्रव्याला एका शास्त्राने ज्ञानाचे साधन म्हटले, त्यालाच दुसऱ्या शास्त्राने अशौचाचे निमित्त ठरविले, आणि दोन्ही शास्त्रे एकाच परंपरेत, पुष्कळदा एकाच घरात, शेजारी शेजारी नांदली. या विसंगतीचा जाब कोणी कोणास विचारला नाही.

बोध करून देण्यावर या रसाचे कार्य संपत नाही. त्यातील अमायलेज हे द्रव्य पिष्टाचे शर्करेत रूपांतर करू लागते. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा नुसताच, कोरड्याशाशिवाय, सावकाश चावीत राहिले की तो हळूहळू गोडसर लागू लागतो, तो यामुळे. दाताचे टणक कवच घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नष्ट झालेल्या असतात, म्हणून त्या कवचाची झीज शरीराला नव्याने भरून काढता येत नाही. तेथे लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट हेच क्षार अहोरात्र बारीकसारीक डागडुजी करीत असतात, आणि अन्नातून उत्पन्न होणारे आम्ल लाळेतील बायकार्बोनेट निवळवीत असते. पुढे पेनिसिलीनमुळे जगप्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ साली लायसोझाइम या जंतुनाशक द्रव्याचा शोध जाहीर केला; ते द्रव्य अश्रूंत आहे, तसे लाळेतही आहे. अश्रूंवर आपण काव्ये केली आणि लाळेला पिकदाणी दिली. परंतु पहारा दोहोंनीही सारख्याच इमानाने केला आहे.

या रसाचे मोल तो आटल्यावर कळते. माझे एक वृद्ध आप्त मोठे आचारनिष्ठ होते. सोवळ्याचा कद नेसल्यावर मुलांनी दारातूनच बोलावे, असा त्यांच्या घरचा शिरस्ता होता. उतारवयात त्यांना गळ्याचा कर्करोग झाला. किरणोपचारांनी रोग हटला, पण त्याच किरणांच्या वाटेत आलेल्या लालाग्रंथी जवळजवळ निकामी झाल्या. भाकरीचा घास ते किती वेळ घोळवीत, तरी तो गालात जसाच्या तसा राही. मग पाण्याच्या घोटाबरोबर तो औषधासारखा खाली ढकलावा लागे. रात्री उशाशी तांब्या असे, आणि जीभ टाळूला चिकटली की ते दचकून उठत. परंतु त्यांना खरे दुःख झाले ते निराळ्याच गोष्टीचे. विष्णुसहस्रनामाचा त्यांचा साठ वर्षांचा नेम होता; आता दोनचार श्लोक झाले की शब्द ओठांत अडखळत, जीभ वळत नसे, आणि त्यांना थांबून पाणी घ्यावे लागे. एकदा मी त्यांच्याजवळ बसलो असता पोथी मिटून ते म्हणाले, "अरे, जन्मभर मी हिला थुंकी म्हणत आलो. देवाचं नाव घ्यायलादेखील हीच लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं." ज्या मुखाने नाम घ्यावयाचे ते मुख ओले ठेवणारा हा रस आहे, मंत्राचा प्रत्येक वर्ण त्याच्याच आधाराने उच्चारला जातो. तो अपवित्र मानला, तर आजवर झालेले सर्व जप-पठण अपवित्र माध्यमातूनच झाले असे म्हणावे लागेल. आणि ते पवित्र मानले, तर माध्यमाचा विटाळ मानण्यास आधार उरत नाही.

या ग्रंथींवर मनाची सत्ता किती खोलवर चालते, हे इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दाखविले. तो धर्मोपदेशकाचा मुलगा, आरंभी धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकलेला; पचनाच्या संशोधनाबद्दल १९०४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या लालानलिकेचे तोंड गालाबाहेर काढून तो थेंब मोजीत असे, आणि अन्न जिभेला लागण्यापूर्वीच, नुसत्या परिचित खुणेनेच, थेंब झरू लागतात असे त्याला आढळले. आशेने लाळ सुटते, तशी भयाने ती आटते; संकटात तोंडाला कोरड पडते हा सर्वांचा अनुभव आहे. आपल्या स्मृतिकारांनी सांगितलेल्या तण्डुलदिव्यामागे हीच जाणीव असावी, असा तर्क करता येतो. चोरीचा आळ आलेल्या मनुष्यास देवतेच्या स्नानजलात भिजवून ठेवलेले तांदूळ चावावयास देत, आणि ते पिंपळाच्या पानावर किंवा भूर्जपत्रावर थुंकावयास लावीत. थुंकीत रक्त दिसले किंवा अंगास कंप सुटला, तर तो दोषी ठरे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दिव्यांचा हा सर्व विधी विस्ताराने नोंदविला आहे. परंतु निरपराध मनुष्यही राजसभेत भयभीत होतो, आणि निर्ढावलेल्या चोराच्या तोंडाला पाणी सुटलेले असू शकते. ग्रंथीला भय कळते, अपराध कळत नाही. मनुष्याच्या अंतःकरणाची शुद्धाशुद्धता त्याच्या थुंकीवरून ठरविण्याचा तो प्रयत्न जितका निराधार होता, तितकाच निराधार तिच्यावरून त्याच्या जन्माची शुद्धाशुद्धता ठरविण्याचा प्रयत्न होता.

आता धर्मशास्त्राकडे वळावे. उच्छिष्टाविषयी आपल्या ग्रंथांचे मत एकमुखी आहे, अशी समजूत सर्वत्र असते. ती खरी नाही. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात एक संपूर्ण सूक्त उच्छिष्टाच्या स्तुतीसाठी आहे. यज्ञात उरलेल्या त्या अंशाच्या ठायी नाम, रूप आणि सर्व लोक प्रतिष्ठित आहेत असे तेथे म्हटले आहे. भगवद्गीता उष्ट्या अन्नाला तामस म्हणते, आणि तीच गीता यज्ञातून उरलेले अन्न खाणारे सज्जन पापमुक्त होतात असेही सांगते. मनुस्मृती तर अपवादांची एक यादीच देते: दूध पिणाऱ्या वासराचे मुख शुद्ध, फळ पाडणाऱ्या पक्ष्याची चोच शुद्ध, मृगयेत शिकार धरणाऱ्या कुत्र्याचे तोंडही शुद्ध, आणि बोलताना उडालेल्या तुषारांनी मनुष्य उष्टा होत नाही. हे अपवाद बारकाईने पाहिले तर त्यांतील धोरण ध्यानात येते. जेथे व्यवहार अडतो, तेथे शास्त्राने विटाळास मुभा दिली आहे. वासरू सोडल्यावाचून गाय पान्हवत नाही, म्हणून वासराची लाळ दुधाला चालते. ते दूध देवाच्या अभिषेकाला चालते. विटाळ जर द्रव्यातच असता, तर त्याला अशी सवलत देणे शास्त्राच्या हाती नव्हते. अग्नीला जाळण्यापासून सूट कोणी देऊ शकत नाही.

छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायणाची कथा याच दृष्टीने वाचण्यासारखी आहे. गारपिटीने कुरुदेश उद्ध्वस्त झाला असता उषस्ति आपल्या पत्नीसह एका गावी अन्नान्नदशेत राहत होता. तेथील एक धनिक कुल्माष, म्हणजे उकडलेले कडधान्य, खात बसला होता. उषस्तीने त्याच्याजवळ ते मागितले. माझ्या पुढ्यात आहेत याखेरीज दुसरे नाहीत, असे तो म्हणाला, तेव्हा उषस्तीने ते उष्टे कुल्माष घेतले आणि खाल्ले. पण त्या गृहस्थाने पाणी पुढे केले, तेव्हा ते उष्टे म्हणून नाकारले. कुल्माषही उष्टेच नव्हते काय, असे विचारता त्याने उत्तर दिले की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मात्र मला हवे तेथे मिळेल. हाच उषस्ति दुसऱ्या दिवशी राजाच्या यज्ञात गेला, आणि प्रस्ताव, उद्गीथ व प्रतिहार या सामगानाच्या भागांच्या देवता कोणत्या हे त्याने ऋत्विजांना शिकविले. उष्ट्या अन्नाने त्याच्या ब्रह्मविद्येला कमीपणा आला, असे उपनिषदाला वाटलेले नाही. विधिनिषेध प्राणासाठी आहेत, प्राण विधिनिषेधांसाठी नाही, हा त्या कथेचा निर्णय आहे.

आणि सोवळ्याचे म्हणाल, तर ज्या रेशमी वस्त्राला आपण सर्वांत शुद्ध मानतो, त्याचा तंतू रेशमाच्या किड्याच्या ज्या ग्रंथीतून निघतो, ती प्राणिशास्त्राच्या दृष्टीने लालाग्रंथीचेच रूपांतर आहे. पंचामृतातील मध मधमाशीने फुलांतून शोषून पोटात वाहून आणलेला, स्वतःच्या ग्रंथींचे पाचक द्रव मिसळून पालटलेला आणि मुखावाटे बाहेर काढून पोळ्यात साठविलेला असतो. या गोष्टी मी सोवळ्याला किंवा पंचामृताला उणेपणा आणण्यासाठी सांगत नाही. देवापुढे ठेवण्यास आपण जे उत्तमोत्तम निवडले, त्यात प्राणिमात्राच्या मुखातील रस सामावलेला आहे. म्हणून ते रेशीम आणि तो मध त्याज्य ठरत नाहीत, उलट तो रसच मान्य ठरतो, एवढाच त्याचा अर्थ. द्रव्य एकच राहून त्याची गती पालटू शकते, हेही निसर्गात दिसते. सर्पाची विषग्रंथी ही मूळच्या अशाच मुखग्रंथीची सुधारून वाढलेली आवृत्ती आहे. अमृत आणि विष यांतील भेद ग्रंथीत नाही, प्रयोजनात आहे.

प्रयोजन विषारी झाले म्हणजे काय होते, याचा दाखला दूर शोधावयास नको. मनुस्मृतीतच, उच्च वर्णाच्या मनुष्यावर गर्वाने थुंकणाऱ्या शूद्राचे दोन्ही ओठ राजाने छाटावेत, अशी शिक्षा सांगितली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण करता न आलेल्या भाषणात पेशवाईतील पुण्याची स्थिती नमूद केली आहे: अस्पृश्य मनुष्याने गळ्यात मातीचे मडके अडकवून हिंडावे आणि त्यातच थुंकावे, कारण त्याची थुंकी भूमीवर पडली आणि तिच्यावर नकळत एखाद्या सवर्णाचा पाय पडला, तर त्याला विटाळ होईल. या मडक्याचा क्षणभर विचार करावा. ज्या रसात नव्व्याण्णव टक्के पाणी आहे, जो ब्राह्मणाच्या आणि महाराच्या गालात एकाच रचनेच्या ग्रंथीतून, एकाच मज्जातंतूच्या आज्ञेने, एकाच प्रयोजनासाठी झरतो, त्याच्यासाठी एका जिवंत माणसाच्या गळ्यात भांडे बांधावयाचे. आणि त्याच वेळी पंक्ती उठल्यावरच्या उष्ट्या पत्रावळींतील अन्न मात्र त्याने मुकाट्याने घ्यावे, अशी अपेक्षा करावयाची! वरच्याचे उष्टे खालच्याला चालते, खालच्याची सावलीही वरच्याला चालत नाही. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायकोने जेवावे, बायकोच्या ताटात नवऱ्याने नव्हे. उष्ट्याचा प्रवाह जेव्हा एकाच दिशेने वाहू दिला जातो, तेव्हा तो शौचाचा नियम राहत नाही, तो सत्तेचा हुकूमनामा होतो. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांनी हा हुकूमनामा नाकारला, आणि त्यानंतर ज्यांनी त्या तळ्याची गोमयादिकांनी शुद्धी केली, त्यांनी विटाळ पाण्यात नसून आपल्या मनात होता याचा लेखी नसला तरी पुरेसा पुरावा दिला.

हे सर्व पाहिल्यावर संतांनी आणि लोकांनी याच एका ठिकाणी, म्हणजे मनुष्याच्या उष्ट्यावर, भक्तीची कसोटी का लावली असेल, हे उमगते. वाल्मीकींच्या रामायणात शबरी रामाचा सत्कार करते, पण चाखून पाहिलेल्या बोरांचा प्रसंग तेथे नाही. तो लोकपरंपरेने घातला. लोकांना शास्त्र ठाऊक नव्हते म्हणून त्यांनी तो घातला नाही. शास्त्र पुरते ठाऊक होते, आणि देव त्याच्यापलीकडचा आहे हे त्यांना सांगावयाचे होते, म्हणून घातला. तमिळ शैव परंपरेतील कण्णप्प नायनार या व्याधाने काळहस्तीच्या शिवलिंगावर स्वतःच्या मुखातून आणलेल्या पाण्याने अभिषेक केला आणि चाखून निवडलेले मांस वाहिले. बाराव्या शतकातील 'पेरिय पुराणम्' या ग्रंथाने त्रेसष्ट नायनारांत, म्हणजे शैव संतांत, त्याचे चरित्र गायिले. आपल्या वारकरी संप्रदायात कीर्तनाच्या सप्ताहाची सांगता काल्याने होते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवून कृष्णासह एकमेकांचे घास खाल्ले, आणि त्याचे शितकण मिळावेत म्हणून स्वर्गीचे देव मासे होऊन यमुनेत आले, अशी आख्यायिका आहे. ज्या देवांना आपण सोवळ्याने नैवेद्य दाखवितो, ते उष्ट्या हातांच्या विसळवणीसाठी तिष्ठत राहिले, ही कल्पना करणाऱ्या समाजाच्या अंतःकरणात विटाळाविरुद्ध केवढा दावा साचलेला असला पाहिजे!

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. लाळेतून रोग पसरतात हे काही मिथ्या नव्हे. गालगुंड हा रोग याच कर्णमूळच्या ग्रंथींना सुजवितो आणि लाळेच्या तुषारांतून दुसऱ्याकडे जातो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत मृत्यू असतो. क्षयी मनुष्याच्या खोकल्यातून आणि बेडक्यांतून क्षयाचे जंतू बाहेर पडतात. रस्त्यांवर, जिन्यांच्या कोपऱ्यांत आणि रुग्णालयांच्या भिंतींवर तंबाखूच्या पिंका टाकण्याची आपली सवय ही लाजिरवाणी तर आहेच, शिवाय घातकही आहे. तेव्हा दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावू नये, उष्ट्या हाताने वाढू नये, रस्त्यात थुंकू नये, हे नियम टाकावयाचे नाहीत. ते अधिक कसोशीने पाळावयाचे आहेत. आचारनिष्ठ मंडळी सोवळ्याने चित्ताला जी सावधता येते तिचा दाखला देतात, तोही मी खोटा मानीत नाही. परंतु स्वच्छतेचा नियम आणि विटाळाचा नियम हे वरून कितीही सारखे दिसले, तरी त्यांना वेगळे ओळखण्याची एक खूण आहे. स्वच्छतेचा नियम सर्वांच्या तोंडांना सारखा लागू असतो. तो माझ्या थुंकीला जेवढा भितो, तेवढाच माझ्या शेजाऱ्याच्या. विटाळाचा नियम थुंकीकडे पाहण्यापूर्वी थुंकणाराचा जन्म विचारतो. पहिला पाणी आणि साबण लावला की संपतो. दुसरा कशानेच संपत नाही, कारण त्याला मळ काढावयाचा नसतो, अंतर राखावयाचे असते.

एकनाथांची जी कथा चरित्रकारांनी सांगितली आहे, ती या दोहोंतील भेद जितका स्पष्ट करते, तितका कोणताही युक्तिवाद करणार नाही. पैठणला गोदावरीचे स्नान करून नाथ परतत असता कोणी एक यवन त्यांच्या अंगावर थुंकत असे. नाथ पुन्हा नदीवर जात, पुन्हा स्नान करीत, पुन्हा तो थुंके. असे एकशे आठ वेळा झाले, आणि अखेर त्या मनुष्यानेच नाथांचे पाय धरले, तेव्हा तुझ्यामुळे मला इतक्या वेळा गोदास्नान घडले असे नाथ म्हणाले. या कथेतून क्षमेचा धडा घेण्याचा प्रघात आहे. पण तिच्यात त्याहून नेमका असा एक सिद्धान्त आहे. नाथांनी थुंकी अंगावर तशीच वागविली नाही. प्रत्येक वेळी धुतली. शरीराची स्वच्छता त्यांनी एकशे आठ वेळा पाळली. परंतु थुंकणाराला त्यांनी एकदाही अस्वच्छ मानले नाही. मळ अंगावर होता तो पाण्याने गेला. मनात तो त्यांनी शिरूच दिला नाही. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढल्याची ज्यांची ख्याती आहे, त्यांनीच स्नानाचा नेम सोडला नाही, यात विरोध नाही; हाच धर्माचा पूर्ण आचार आहे.

म्हणून मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. आपल्याच लाळेची पेल्यातून येणारी किळस स्वाभाविक आहे. देहाने स्वतःच्या सीमेवर ठेवलेला तो पहारा आहे, आणि तो पहारा पुष्कळदा उपयोगी पडतो. परंतु पहारा म्हणजे धर्म नव्हे. धर्माचे काम त्या स्वाभाविक किळसेला मनुष्याविरुद्धचे शस्त्र होऊ न देणे हे आहे. आपल्या समाजाने नेमके उलट केले, किळसेला शास्त्राची मोहोर लावली आणि तिच्या जोरावर कोट्यवधी माणसांना पाणवठ्यापासून दूर ठेवले. कोणत्याही ग्रंथीत उच्चनीच भाव नाही. मुखात झरणाऱ्या त्या रसाला येणाऱ्या घासाची जात विचारता येत नाही, तो सर्वांचे सारखेच स्वागत करतो आणि प्रत्येकाची खरी चव सांगतो. ज्या घरांत आजही कामाला येणाऱ्या बाईसाठी निराळा कप ठेवलेला असेल, त्या घरांतील वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की सर्व कप साबणाने स्वच्छ घासावेत, आणि तो निराळा कप आजच इतर कपांत मिसळून टाकावा.